७ जूनचा जबाब : सहा फाशी, सोळा वर्षे तुरुंग आणि पोलिसांपाशीच असलेला एक कागद

निरपराध माणसाला फाशी सुनावली गेली आणि नंतर तो सुटला, असे ऐकले की डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. वर्षानुवर्षांनी डीएनएचा अहवाल येतो, खरा गुन्हेगार मरताना कबुली देतो किंवा एखादा साक्षीदार उलटतो. नाशिक जिल्ह्यातल्या या प्रकरणात यातले काहीही घडले नाही. ज्या जबाबाने शेवटी सहा जणांची सुटका झाली, तो गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी लिहून झाला होता. त्याची दखल घ्यायला व्यवस्थेला सोळा वर्षे लागली. हे कसे झाले आणि कुठल्या वळणावर वेगळे काही घडू शकले असते, ते या टिपणात मांडले आहे.

तारखा, न्यायालये आणि न्यायमूर्तींची नावे सार्वजनिक नोंदीतली, म्हणजे खरी आहेत. पीडित कुटुंब, आरोपी आणि गाव यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

५ जून २००३, रात्री साडेदहाचा सुमार. बागेतल्या एका झोपडीवजा घरात कुटुंब जेवणखाण उरकून गप्पा मारत बसले होते. सात-आठ अनोळखी माणसे आत शिरली. पैसे आणि दागिने काढून घेतले, घरातल्यांना मारहाण केली. त्या रात्री पाच जणांचा जीव गेला. घरातल्या आईवर आणि पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. मुलगी मेलेल्या पाच जणांत होती. आई आणि एक मुलगा जबर जखमी होऊन वाचले. पुढच्या सगळ्या खटल्याची भिस्त या दोघांच्या साक्षीवर होती.

गुन्ह्याचे वर्णन इतक्यावरच थांबवतो. निकालपत्रांत ते तपशीलवार आहे आणि वाचवत नाही. मात्र हे 'वाचवत नाही' पुढे फार महत्त्वाचे ठरते, म्हणून त्याची आठवण ठेवावी.

जिल्हा हादरला होता. पोलिसांवर आरोपी पकडण्याचा दबाव किती असेल ते सांगायला नको. पकडले गेलेले सहाही जण भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर होते. महाराष्ट्रात हा तपशील निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण दरोडा पडला की पहिली गाडी पालांवर जाते ही रीत कायद्याबरोबर रद्द झाली नाही. अशा माणसांना जामीनदार मिळत नाही. त्या रात्री आपण कुठे होतो हे सांगणारा साक्षीदार मिळाला तरी तो त्यांच्याच पालातला असतो, आणि त्याच्या शब्दाला कोर्टात वजन नसते. शाळा सोडल्याचा दाखला नसतो, म्हणून वयसुद्धा सिद्ध करता येत नाही. हा शेवटचा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

नेमकी अडचण कुठे झाली

७ जून २००३. पोलिसांनी जखमी आईला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. प्रत्येक पोलीस ठाण्यात किंवा गुन्हे शाखेत अशी फाईल असते. पानापानावर चेहरे आणि त्यांखाली नावे व जुने गुन्हे. त्या अल्बममधले चार चेहरे तिने ओळखले. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तसा तिचा जबाबही नोंदवला गेला.

हल्ल्यातून वाचलेली, हल्लेखोरांना जवळून पाहिलेली स्त्री, अठ्ठेचाळीस तासांच्या आत चार माणसे ओळखते. ते चारही जण पोलिसांच्या नोंदीतले, म्हणजे नावागावासह माहीत असलेले. तपासात याहून सरळ धागा मिळणे कठीण.

त्या चौघांचे पुढे काय केले, याचा समाधानकारक खुलासा अभियोग पक्षाला, म्हणजे खटला चालवणाऱ्या सरकारी बाजूला, कधीच देता आला नाही. त्यांना अटक झाली नाही आणि त्यांच्यावर खटलाही चालला नाही. ते चौघे गुन्हेगार होते असे माझे म्हणणे नाही. अल्बमवरून ओळखण्यातही चूक होऊ शकते, त्यांच्यापैकी कुणी त्या रात्री तुरुंगात किंवा परगावी असेलही. पण मग तशी नोंद हवी. अमुक इसम त्या तारखेला अमुक ठिकाणी होता, खातरजमा केली, म्हणून वगळला, अशा दोन ओळी. त्याच नव्हत्या.

त्याऐवजी वेगळेच सहा जण पकडले गेले. पुढच्या महिन्यात ओळख परेड झाली, म्हणजे संशयितांना इतर माणसांबरोबर रांगेत उभे करून साक्षीदारांना ओळखायला सांगितले गेले, आणि तीत त्यांना ओळखले गेले. पुढे कोर्टातही साक्षीदारांनी त्यांच्याकडेच बोट दाखवले. दुसऱ्याच चार माणसांना ओळखल्याचा ७ जूनचा जबाब मात्र अभियोग पक्षाने पुढे आणला नाही. सर्वोच्च न्यायालयाने अखेर त्याला दडपणूकच म्हटले.

इथे ओळख परेडविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण 'साक्षीदाराने ओळखले' या दोन शब्दांपुढे बहुतेकांचे प्रश्न संपतात. परेडमधली ओळख हा कायद्याच्या दृष्टीने मूळ पुरावा नव्हे, कोर्टात दिलेल्या साक्षीला पाठबळ देणारा दुय्यम पुरावा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत परेड कशी घ्यावी हे बारकाईने दिले आहे. एक आरोपी असेल तर रांगेत निदान सहा इतर माणसे हवीत, दोन असतील तर दहा-बारा, आणि शक्यतो एका वेळी दोनांहून जास्त आरोपी उभे करू नयेत. रांगेतली माणसे वयाने, अंगकाठीने, वर्णाने मिळतीजुळती असावीत. पोलिसांनी तिथे थांबू नये. एवढी काळजी कशासाठी? साक्षीदाराला रांग दाखवली की त्याला वाटते, पोलिसांनी पकडला आहे म्हणजे यांच्यात तो असणारच. मग प्रश्न 'तो यांत आहे का' असा राहत नाही, 'यांतला तो कोणता' असा होऊन बसतो. एकदा बोट उठले की तो चेहरा आणि त्या रात्रीची आठवण एकत्र चिकटतात. तीन वर्षांनी कोर्टात साक्ष देताना साक्षीदार खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तो चेहरा आठवत असतो.

म्हणून त्या आईला किंवा मुलाला या प्रकरणात दोष देण्यात अर्थ नाही. पहिली, ताजी ओळख कुठली हे कोर्टापुढे ठेवणे अभियोग पक्षाचे काम होते.

त्या जबाबाखेरीजही खटला ठिसूळच होता. मुलाच्या पहिल्या जबाबात आणि कोर्टातल्या साक्षीत महत्त्वाच्या मुद्द्यांवर विसंगती होत्या. आधी न सांगितलेल्या गोष्टी नंतर आल्या होत्या. न्यायवैद्यक पुराव्याचा भक्कम आधार नव्हता.

कोर्टांच्या पायऱ्या

पहिली पायरी नाशिकच्या सत्र न्यायालयाची. १२ जून २००६ रोजी सहाही जण दोषी ठरले आणि सहाही जणांना फाशी सुनावली गेली.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी प्रकरण वर जातेच, आणि उच्च न्यायालयाने पुरावा पुन्हा मुळापासून तपासावा अशी अपेक्षा असते. २२ मार्च २००७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सहाही जणांचा दोष कायम ठेवला. तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली.

या टप्प्यावर थोडे थांबावे असे मला वाटते. तिघांना फाशी आणि तिघांना जन्मठेप, असा फरक करायचा तर प्रत्येकाने नेमके काय केले हे साक्षीतून वेगळे काढावे लागते. म्हणजे साक्षीचा कस लावावाच लागतो. पण तो कस शिक्षेपुरता लागला, 'माणसे हीच का' या प्रश्नाला लागला नाही. फाशीच्या खटल्यांत हे वारंवार दिसते. सगळी बुद्धी 'फाशी की जन्मठेप' यावर खर्च होते आणि त्याआधीचा प्रश्न सुटल्याचे धरून चालले जाते.

राज्य सरकार मग तिघांची जन्मठेप वाढवून मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले. आरोपींचीही अपिले होती. ३० एप्रिल २००९ रोजी न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि मुकुंदकम शर्मा यांच्या खंडपीठाने आरोपींची अपिले फेटाळली आणि सरकारचे अपील मान्य केले. पुन्हा सहाही जण फाशीच्या यादीत आले.

त्या निकालाने राजस्थानातल्या एका जुन्या खटल्याचा आधार घेतला होता. शिक्षा ठरवताना गुन्हा किती भीषण आहे हे पाहावे, गुन्हेगार कोण, कसा, कुठल्या परिस्थितीतला याला महत्त्व नाही, असे त्या जुन्या निकालाचे सूत्र होते. सर्वोच्च न्यायालयाच्याच १९८० च्या बच्चनसिंग निकालाने घालून दिलेल्या 'दुर्मिळातील दुर्मीळ' कसोटीच्या हे थेट विरुद्ध होते, कारण त्या कसोटीत गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहायचे असतात. आणि तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा आणि सिरियाक जोसेफ यांच्या खंडपीठाने तो जुना निकाल बंधनकारक कायदा नजरेआड करून दिलेला, म्हणून आधाराला न घेण्याजोगा ठरवला. त्या जुन्या खटल्यातल्या आरोपीला १९९६ मध्येच फाशी झाली होती. त्याच्यासाठी ही दुरुस्ती फार उशिरा आली.

२०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्या तेरा जणांची शिक्षा कमी करावी अशी विनंती केली. त्या तेरांत हे सहा होते. निवृत्त का होईना, न्यायमूर्तींनी आपल्याच न्यायालयाची चूक उघड बोलून दाखवावी हे आपल्याकडे क्वचित घडते. पण ध्यानात घ्या, त्यांचेही म्हणणे शिक्षेपुरतेच होते. हे सहा जण मुळात गुन्हेगार नसतील, अशी शंका त्यात नव्हती.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट समोर आली. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचा पूर्ण नव्हता, असे चौकशीअंती ठरले. अल्पवयीनाला फाशी देता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. तरीही त्याच्या फाशीवर तीन न्यायालयांनी शिक्कामोर्तब केले होते. वयाचा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा अंतिम झाल्यानंतरही काढता येतो, म्हणून तो निदान तेव्हा निघाला. दाखला नसलेल्या माणसासाठी हा मुद्दा काढणार कोण, असा प्रश्न उरतोच. त्याच्या सुरुवातीच्या वकिलाने जन्मतारीख विचारून कागद मिळवण्याची खटपट केली असती तर निदान एक गळा फासाखाली गेला नसता.

दार कुठून उघडले

पुनर्विलोकन अर्ज म्हणजे ज्या न्यायालयाने निकाल दिला त्यालाच पुन्हा पाहायला सांगणे. सर्वोच्च न्यायालयात हे अर्ज वर्षानुवर्षे न्यायमूर्तींच्या दालनात, कागद फिरवून निकालात काढले जात. वकिलाला उभे राहून बोलण्याची मुभा नसे. २ सप्टेंबर २०१४ रोजी घटनापीठाने ठरवले की फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे ऐकावा आणि तोंडी युक्तिवादाला निदान मर्यादित वेळ द्यावा. युक्तिवादासाठी अर्धा तास पुरेसा मानला गेला. फाशीची अपिले दोघांऐवजी तीन न्यायमूर्तींपुढे चालवण्याचा नियमही त्याच सुमाराचा.

या अर्ध्या तासाने हे प्रकरण पुन्हा जिवंत झाले. पुनर्विलोकनात मुद्दा आला की ज्या तिघांची जन्मठेप थेट फाशीत बदलली, त्यांचे म्हणणे शिक्षा वाढवण्याआधी नीट ऐकले गेले होते का. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला २००९ चा निकालच मागे घेतला आणि सगळी अपिले पुन्हा सुनावणीला लावली.

दार शिक्षेच्या सुनावणीतल्या उणिवेतून उघडले होते. आत गेल्यावर पुरावा तपासला गेला. कायद्याचे काम कधी कधी असे आडवाटेने होते, आणि ती आडवाट सापडली नाही तर काय, हा विचार केला की अंगावर काटा येतो.

समोरचे पर्याय

न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा यांच्यापुढे अपिले पुन्हा चालली तेव्हा ढोबळमानाने चार वाटा होत्या.

अपिले पुन्हा फेटाळणे ही एक. २००९ चा निकाल मागे घेतल्यावरही ती वाट बंद नव्हती.

दुसरी वाट सगळ्यात सोयीची होती. फाशी रद्द करून सहाही जणांना जन्मठेप द्यायची. गुन्ह्याची भीषणता मान्य केली असेही दिसते, जीवही वाचतो, पोलिसांवर ठपकाही येत नाही. भारतातले बहुतेक फाशीचे खटले याच वाटेने संपतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० नंतर कनिष्ठ न्यायालयांनी फाशी सुनावलेल्या कैद्यांचे अपिलांत काय झाले हे पाहिले होते. फाशी टिकली ती पाच टक्क्यांहून कमी जणांची. सुमारे ६५ टक्क्यांची शिक्षा कमी झाली. आणि सुमारे ३० टक्के निर्दोष सुटले. ज्यांना कनिष्ठ न्यायालयाने फासावर चढवण्यालायक ठरवले, त्यांच्यातले जवळजवळ एकतृतीयांश वरच्या कोर्टाच्या मते दोषीच नव्हते. मला त्याहून अस्वस्थ करतात ते मधले ६५ टक्के. त्यांतल्या किती जणांच्या बाबतीत पुराव्याची शंका शिक्षा कमी करून मिटवून टाकली असेल? २०१४ च्या त्रिपुरातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'शिल्लक संशय' हे फाशी टाळण्याचे कारण मानले आहे. जीव वाचवायला ते उपयोगी आहे, पण निरपराधाला जन्मठेप हाही न्याय नव्हेच.

तिसरी वाट संशयाचा फायदा देऊन सोडून द्यायची आणि गप्प बसायचे. हीही आपल्याकडची नेहमीची. सुटलेल्याच्या कपाळी 'पुरावा पुरला नाही म्हणून सुटला' हा शिक्का कायम राहतो.

चौथी वाट म्हणजे निर्दोष सोडणे, का सोडले ते स्पष्ट लिहिणे, नुकसानभरपाई देणे, चुकलेल्यांची चौकशी लावणे आणि अर्धवट सुटलेला तपास पुन्हा सुरू करायला लावणे.

काय केले गेले

५ मार्च २०१९ रोजी खंडपीठाने चौथी वाट धरली. सहाही जण निर्दोष ठरले. ७ जूनला ओळखल्या गेलेल्या चौघांविषयी पुढील तपास करण्याचा आदेश झाला. ज्या अधिकाऱ्यांनी तपासात कसूर केली त्यांना हुडकून तीन महिन्यांत कारवाई करावी असे राज्याच्या गृह खात्याला सांगितले गेले. घटनेच्या १४२ व्या कलमाखाली, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारात, प्रत्येकाला पाच लाख रुपये सरकारने द्यावेत असा हुकूम झाला. ही रक्कम नाशिकच्या सत्र न्यायालयात जमा करायची आणि सुटलेल्यांच्या पुनर्वसनासाठी वापरायची होती. आरोपी भटक्या जमातीतले गरीब मजूर आहेत आणि गंभीर गुन्ह्यांत निरपराधांना गोवले जाण्याचे प्रकार घडतात, हेही निकालात नोंदले गेले. तारुण्यातली वर्षे फाशीच्या सावटाखाली, माणसांचा संपर्क तुटलेल्या अवस्थेत गेली, कुटुंबांची वाताहत झाली, याचाही उल्लेख आहे.

स्वतःच्याच न्यायालयाने फाशी कायम केलेल्या, नव्हे वाढवलेल्या खटल्यात असे लिहायला धैर्य लागते. त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

निष्पत्ती

पाच लाखांचा हिशेब मांडून पाहा. सोळा वर्षांनी भागले तर वर्षाला ३१ हजार २५० रुपये, दिवसाला सुमारे ८५. त्याच सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला दोनशे रुपयांच्या थोडी वर होती. म्हणजे हे सहा जण बाहेर राहून माती उपसत राहिले असते तर सरकारी दरानेसुद्धा दिवसाची कमाई जास्त झाली असती. याच सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना खोट्या हेरगिरी प्रकरणात ५० लाखांची भरपाई दिली होती. ते योग्यच होते, त्यांची उभी कारकीर्द त्यात गेली. पण ते सुमारे पन्नास दिवस कोठडीत होते. दोन आकडे शेजारी ठेवल्यावर भरपाईला काही ठरलेले माप नाही, हे कळते. विधि आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा करावा, त्यासाठी विशेष न्यायालये असावीत असे सुचवले होते. तसा कायदा झाला नाही. विनाकारण अटक करवल्याबद्दल फौजदारी प्रक्रियेत भरपाईची जी तरतूद आहे, ती नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जास्तीत जास्त एक हजार रुपयांची आहे. एक शून्य पडला नसेल ना, म्हणून मी ते कलम पुन्हा उघडून पाहिले. पडलेला नाही.

पीडित कुटुंबाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न अशा चर्चांत मागे पडतो. एका रात्रीत पाच माणसे गेलेल्या त्या आईला सोळा वर्षांनी कळले, की ज्यांना शिक्षा झाली ते हल्लेखोर नव्हतेच आणि ज्यांच्याकडे तिने पहिल्यांदा बोट दाखवले त्यांच्याकडे पोलीस वळलेच नाहीत. पुढील तपासाचा आदेश कागदावर चांगला दिसतो. पण २००३ साली जे ठसे, नमुने, कपडे, चोरीचा माल, शेजाऱ्यांच्या आठवणी हाताशी होत्या, त्यांतले २०१९ मध्ये किती उरणार? निरपराधाला शिक्षा झाली की खरा गुन्हेगार आपोआप निर्धास्त होतो. फाशी मागणाऱ्या मोर्चांत हा मुद्दा कुणी मांडत नाही, आणि खरे तर पीडितांच्या बाजूने तोच पहिला मुद्दा असायला हवा.

कुठे वेगळे करता आले असते

तपासात. ७ जूनच्या चौघांना शोधून आणणे, अथवा का वगळले ते लिहिणे. तपास अधिकाऱ्याला दुसरी माणसे गुन्हेगार वाटली तर ते वाटण्याचा त्याला हक्क आहे, पण आधीची ओळख केस डायरीतून कोर्टापर्यंत पोचलीच पाहिजे. ओळख परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याने साक्षीदाराला एक साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे : याआधी तुम्हाला फोटो दाखवले होते का, तेव्हा कुणाला ओळखले होते?

सरकारी वकिलाकडून. सरकारी वकील पोलिसांचा वकील नसतो, असे कोर्टे सतत सांगतात. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी संपूर्ण तपासाची फाईल वाचून, आरोपीच्या बाजूने जाणारे कागद वेगळे काढणारा माणूस आपल्या पद्धतीत तोच असू शकतो. इथे ते झाले नाही.

बचावाकडून. गरीब आरोपीच्या खटल्यात बचावाचा वकील बहुधा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला असतो, आणि त्याला आरोपीशी कोर्टाच्या आवारात पाच मिनिटे बोलायला मिळाले तरी खूप. तरीही जन्मतारखेचा पुरावा मागणे आणि साक्षीदाराला आधी फोटो दाखवले होते का हे उलटतपासणीत खणून काढणे, ही दोन कामे अशा खटल्यात सोडता येत नाहीत.

न्यायाधीशांकडून. गुन्हा जितका भीषण तितका पुरावा हळू वाचावा. प्रत्यक्षात उलटे घडते, आणि त्याचे कारण माणूस म्हणून समजण्यासारखे आहे. शवविच्छेदनाचे अहवाल वाचून झाल्यावर समोर उभ्या असलेल्या सहा माणसांकडे कोरडेपणाने पाहणे अवघड असते. २००९ च्या निकालाने तर फक्त गुन्ह्याकडे पाहणारे सूत्र उघडपणे आधाराला घेतले. दोषसिद्धी आणि शिक्षा यांच्या सुनावण्यांत खरोखरीचे अंतर ठेवणे, निदान काही दिवसांचे, हा एक उपाय आहे. फाशीच्या खटल्यात दोषसिद्धीचा मुद्दा वरच्या न्यायालयाने शिक्षेपासून वेगळा काढून, ओळखीच्या प्रत्येक टप्प्याची तारीखवार जंत्री करून तपासणे हा दुसरा. अशी जंत्री मांडली असती तर पहिली नोंद ७ जूनची आली असती आणि तिच्यापुढे सहांपैकी एकाचेही नाव नसते.

एक सुधारणा मात्र झाली आहे आणि ती फौजदारी वकिली करणाऱ्या प्रत्येकाने वापरावी. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी नियमांचा मसुदा मंजूर करून उच्च न्यायालयांना ते स्वीकारायला सांगितले. त्यात आरोपीला दोषारोपपत्राच्या प्रतींबरोबरच, पोलिसांनी जप्त केलेल्या पण खटल्यात न वापरलेल्या जबाबांची, कागदपत्रांची आणि वस्तूंची यादी द्यावी असे आहे. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका फाशीच्या खटल्यात न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केला. नाशिकच्या प्रकरणात ही यादी असती तर तीत एक ओळ असती : दि. ७ जून २००३, विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब. कुठल्याही बचावाच्या वकिलाने तो कागद मागितलाच असता. आजही अनेक ठिकाणी ही यादी आपणहून मिळत नाही, लेखी अर्ज करावा लागतो. तो अर्ज आरोप निश्चित होण्याआधी द्यावा, त्यावर न्यायालयाचा आदेश घ्यावा, आणि अभियोग पक्षाने 'असे कागद नाहीत' म्हटले तर तेही तपास अधिकाऱ्याच्या सहीने लेखी मागावे.